श्रॉपशायरमध्ये भेटलेला विजयदुर्ग

(१९७४ च्या अकरावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे 'इंग्लंडचा प्रवास'. विषय जाहीर होताच मागच्या रांगेतून आवाज आला, "मेल्या, लंडनचा काय सांगू नको हां!" मागची रांग पन्नास वर्षांनंतरही मागेच बसलेली पाहून बरं वाटलं. सूचनाही रास्त आहे. लंडन आता सगळ्यांनी पाहिलेलं असतं, नाही तर मुला-नातवंडांच्या फोनमध्ये तरी. म्हणून मी श्रॉपशायर नावाच्या एका खेडवळ जिल्ह्याबद्दल बोलणार आहे. तिथे मी ऑगस्टमध्ये पंधरा दिवस होतो. हा जिल्हा निवडण्याचं एक कारण आहे. आपल्या विजयदुर्गाच्या इतिहासाचं एक पान तिथे अडकलेलं आहे. त्याच्याकडे मी शेवटी येतो.

माझी मुलगी बर्मिंगहॅमला असते. तिथून रेल्वेने तासाभरात श्रूजबरी येतं. ते या जिल्ह्याचं मुख्य शहर. त्याचा उच्चार श्रूजबरी की श्रोजबरी यावर गावकऱ्यांचंच एकमत नाही, तेव्हा माझा उच्चार कोणी सुधारू नये. जिल्हा इंग्लंडच्या पश्चिम कडेला, वेल्सच्या सीमेवर आहे. समुद्र नाही. मधून सेव्हर्न नदी वाहते. ती ब्रिटनमधली सर्वांत लांब नदी. श्रूजबरीभोवती तिने घोड्याच्या नालासारखं वळण घेतलं आहे, त्यामुळे जुनं शहर तिन्ही बाजूंनी पाण्यात. एका बाजूचा पूल 'इंग्लिश ब्रिज', दुसऱ्या बाजूचा 'वेल्श ब्रिज'. सीमेवरच्या गावाचा सगळा इतिहास या दोन नावांत आला.

दक्षिणेला डोंगर आहेत. डोंगर म्हणजे आपल्या सह्याद्रीसमोर टेकड्याच. लाँग मिंड नावाचं पठार आहे, त्याचा सर्वांत उंच माथा ५१६ मीटर. पण वर गेलो आणि थबकलो. वर झाड नाही. लांबच लांब सपाटी, वारा, आणि जमिनीलगत वाढणारं हेदर नावाचं झुडूप. ऑगस्टमध्ये त्याला जांभळी फुलं येतात आणि अख्खा डोंगर रंगतो. मला आपला सडा आठवला. आपल्याकडेही त्याच दिवसांत, पावसाचा जोर ओसरू लागला की काळ्या कातळावर बोटभर उंचीची फुलं येतात. फरक एवढाच, की त्यांच्या सड्याचं चित्र टपाल कार्डांवर छापलेलं असतं आणि आपल्या सड्याची सातबाऱ्यावर 'पोटखराबा' अशी नोंद असते.

त्या डोंगरावर जायला वाट शोधावी लागली नाही. शेताच्या बांधाला लाकडी खांब, त्यावर पिवळा बाण आणि 'सार्वजनिक पायवाट' ही अक्षरं. वाट थेट कोणाच्या तरी खासगी कुरणातून जाते. मेंढ्या चरत असतात, शेतकरी ट्रॅक्टरवर असतो, आणि आपण खुशाल मधून चालत जातो. फाटक उघडलं तर परत लावायचं, एवढीच अट. चौकशी केली तेव्हा कळलं, की १९४९ साली तिकडे एक कायदा झाला. त्याने काउंटी काउन्सिलांना, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदांसारख्या संस्थांना, वहिवाटीच्या सगळ्या पायवाटा नकाशावर उतरवायला लावल्या. नकाशावर आलेली वाट मालकाला मनाला येईल तेव्हा बंद करता येत नाही.

माझी सगळी नोकरी सार्वजनिक बांधकाम खात्यात गेली, त्यामुळे नकाशा दिसला की मी त्यात डोकं घालतो. आपल्याकडे नकाशा नाही असं नाही. तलाठी कार्यालयातल्या गाव नकाशावर पायवाटा तुटक रेषेने दाखवलेल्या असतात. त्या कोणी पाहत नाही आणि त्यांवरून कोणी चालत नाही. तिथे रॅम्बलर्स नावाची पदयात्रींची संघटना १९३५ पासून आहे. निवृत्त माणसं काठ्या घेऊन वाटा चालतात आणि वाट अडवलेली दिसली की काउन्सिलला कळवतात. वाट जिवंत राहते ती या चालण्यामुळे.

श्रूजबरीपासून सात-आठ किलोमीटरवर रॉक्सिटर नावाचं खेडं आहे. थोडी घरं, एक चर्च, बाकी शेतं. रोमन काळात तिथे व्हिरोकोनियम नावाचं शहर होतं, त्या काळच्या ब्रिटनमधलं चौथ्या क्रमांकाचं मोठं. आज त्यातली सार्वजनिक स्नानगृहाची एक भिंत उभी आहे, दोन मजली घराएवढी. शहराचा बराचसा भाग अजून शेताखाली गाडलेला आहे आणि वर गुरं चरतात. गंमत चर्चमध्ये आहे. चर्चच्या फाटकाचे खांब रोमन शहरातले, आणि आत बाप्तिस्म्याचं पाणी ठेवण्याचं दगडी पात्र म्हणजे एका रोमन खांबाची उलटी कोरलेली बैठक. जुन्या गावाचे दगड नव्या गावाने वापरावेत ही रीत सगळीकडे सारखीच दिसते. आपल्याकडेही पडक्या गढीचे चिरे कुणाच्या जोत्यात गेले हे जुन्या माणसांना ठाऊक असतं. रॉक्सिटरला ते लिहून ठेवलेलं आहे.

आता माझ्या आवडीची गोष्ट. आयर्नब्रिज. जगातला पहिला मोठा लोखंडी पूल. तिथून जवळच कोलब्रुकडेल इथे १७०९ साली अब्राहम डार्बी या माणसाने लाकडी कोळशाऐवजी दगडी कोळशाच्या कोकवर लोखंड वितळवण्यात यश मिळवलं. त्याची भट्टी आजही जपलेली आहे. त्याच्या नातवाने, त्याचंही नाव अब्राहम डार्बीच, १७७९ साली सेव्हर्नवर ओतीव लोखंडाचा हा पूल उभा केला. १७८१ च्या पहिल्या जानेवारीला तो वाहतुकीला खुला झाला. गाळा सुमारे तीस मीटर, लोखंड जवळजवळ ३८० टन.

मी त्या पुलाखाली तासभर उभा होतो. मुलगी कंटाळून कॉफी प्यायला गेली. मी सांधे बघत होतो. रिव्हेट नाहीत आणि वेल्डिंग तर त्या काळी नव्हतंच. एका तुकड्याला भोक, दुसऱ्याला त्यात बसणारी जीभ, आणि मध्ये ठोकलेली पाचर. म्हणजे आपला सुतार दाराची चौकट जोडतो तसा पूल जोडलेला! लोखंडाचा एवढा पूल आधी कोणी बांधलाच नव्हता, म्हणून त्यांनी लोखंडाला लाकडासारखं वागवलं. आराखडा काढणारा प्रिचर्ड पूल उभा राहण्याआधीच, १७७७ साली वारला. बांधणारा डार्बी कर्जात बुडाला. पण १७९५ च्या महापुरात सेव्हर्नवरच्या इतर पुलांची दैना झाली तेव्हा हा पूल जागचा हलला नाही.

पुढे दरीचे दोन्ही काठ आत सरकू लागले आणि पुलाला चिरा पडल्या. १९७० च्या दशकात नदीच्या तळाशी काँक्रीटची आडवी कमान घालून दोन्ही काठ एकमेकांपासून दूर रेटून धरले. हे काम कोणाला दिसत नाही. पूल त्यावर टिकला आहे. पुलाशेजारी टोलनाक्याचं घर आहे आणि त्यावर जुना दरफलक. त्यात लिहिलंय, की सैनिक असो वा राजघराण्यातली व्यक्ती, टोल प्रत्येकाने भरायचा. आमच्या खात्यात हा फलक लावायची कोणाची छाती झाली नसती.

जवळच मच वेनलॉक नावाचं छोटं गाव आहे. तिथे विल्यम पेनी ब्रूक्स नावाचा डॉक्टर होता. गावातल्या कष्टकरी लोकांसाठी त्याने आधी वाचन संस्था काढली आणि १८५० मध्ये खेळांचे सामने सुरू केले. नाव दिलं 'ऑलिम्पियन'. धावणं, उड्या, क्रिकेट होतंच, शिवाय म्हाताऱ्या बायकांची धावण्याची शर्यत आणि बक्षीस एक पौंड चहा! १८९० साली फ्रान्सचे कुबर्तां हे सामने बघायला आले, आणि त्यांनी पुढे १८९६ ला अथेन्समध्ये ऑलिम्पिक भरवण्यात पुढाकार घेतला. डॉक्टर ब्रूक्स त्याच्या चार महिने आधी वारले. शाळेत व्यायाम सक्तीचा करा म्हणून हा माणूस आयुष्यभर सरकारच्या मागे लागला होता. पी.टी.च्या तासाला आपण ज्या कवायती केल्या, त्यांचा एक दूरचा पूर्वज म्हणून मी त्यांना मनातल्या मनात सावधान केलं. वेनलॉकचे सामने अजून दर वर्षी होतात.

आता शाळेची गोष्ट, खास गुरुजनांसाठी. श्रूजबरीची जुनी शाळा १५५२ सालची. तिच्या जुन्या इमारतीत आता सार्वजनिक वाचनालय आहे. समोर खुर्चीत बसलेल्या एका दाढीवाल्या माणसाचा पुतळा आहे. तो चार्ल्स डार्विन, याच शहरात १८०९ साली जन्मलेला आणि याच शाळेत शिकलेला. या शाळेत त्याचं मन रमलं नाही. तिथे लॅटिन आणि ग्रीक घोकायचं. घरी मोठ्या भावाबरोबर तो रसायनांचे प्रयोग करायचा, म्हणून मुलांनी नाव ठेवलं 'गॅस'. मुख्याध्यापकांनी असल्या निरुपयोगी गोष्टींत वेळ घालवतो म्हणून सगळ्यांदेखत झाडलं. म्हातारपणी आत्मचरित्रात डार्विनने लिहिलं, की माझ्या बुद्धीच्या वाढीला या शाळेइतकं वाईट दुसरं काही असू शकलं नसतं. तरी त्याच शाळेच्या दारात त्याचा पुतळा आहे. गुरुजन मंडळी, तुम्ही ज्यांना बाकावर उभं केलंत ते आज इथे पहिल्या रांगेत बसलेत. पुतळ्याचं मात्र आमच्यापैकी कोणाचं काही जमलेलं नाही.

आणि आता दुसरा पुतळा. श्रूजबरीच्या मुख्य चौकात १५९६ साली बांधलेली दगडी बाजारपेठेची इमारत आहे. तिच्याजवळ उंच चौथऱ्यावर एक पुतळा उभा आहे. चौथऱ्यावर एकच शब्द: क्लाइव्ह.

हो, तोच. प्लासीचा. रॉबर्ट क्लाइव्ह याच जिल्ह्यातला, मार्केट ड्रेटन गावाजवळ १७२५ साली जन्मलेला. लहानपणी तो चर्चच्या मनोऱ्यावर चढून बसायचा आणि दुकानदारांकडून 'संरक्षणा'चे पैसे उकळायचा, असं तिकडे कौतुकाने सांगतात. पुढे तो श्रूजबरीचा महापौर झाला, खासदार झाला. १७७४ ला वारल्यावर त्याला जन्मगावाजवळच्या मोर्टन से गावच्या चर्चमध्ये पुरलं. त्याची कबर नेमकी कुठे हे सांगणारी खूण तिथे नाही. पुतळा १८६० मध्ये, म्हणजे आपल्याकडच्या १८५७ च्या उठावानंतर तीन वर्षांनी उभारला. २०२० साली तो हटवावा म्हणून हजारो लोकांनी सह्या केल्या, पण काउन्सिलने तो ठेवायचं ठरवलं.

मी त्या चौकात बराच वेळ बसलो. पुतळा असावा की नसावा हे ठरवणं त्यांचं काम. माझ्या डोक्यात वेगळंच होतं. शहरातल्या लोकांशी बोललो. प्लासी माहीत आहे, बंगाल माहीत आहे. पण 'घेरिया' म्हटलं तर कोणाच्याही चेहऱ्यावर ओळख दिसली नाही.

घेरिया म्हणजे आपला विजयदुर्ग. आपल्या गिर्ये गावावरून इंग्रजांनी किल्ल्याला दिलेलं नाव. आपण सातवीत सहलीला तिथे गेलो होतो, डबे खाडीकडच्या बुरुजावर उघडले होते. त्या बुरुजांनी काय पाहिलं होतं ते थोडक्यात सांगतो.

१७५५ च्या अखेरीस क्लाइव्ह इंग्लंडहून सैन्य घेऊन मुंबईला आला. दख्खनमध्ये फ्रेंचांविरुद्ध मोहीम करण्याचा बेत होता, तो बारगळला. इकडे तुळाजी आंग्रे आणि नानासाहेब पेशवे यांचं बिनसलेलं होतं. पेशव्यांनी आंग्र्यांना नमवण्यासाठी इंग्रजांची मदत घेतली. १७५६ च्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसनचं आरमार खाडीच्या तोंडाशी आलं. १२ तारखेला तोफा सुरू झाल्या. आंग्र्यांनी पूर्वी पकडलेलं कंपनीचंच एक जहाज, 'रेस्टोरेशन', पेटलं आणि ती आग शेजारी नांगरलेल्या सगळ्या आरमाराला लागली. कान्होजींच्या काळापासून उभं राहिलेलं आंग्र्यांचं ते आरमार एका संध्याकाळीत जळालं. क्लाइव्ह जमिनीवर उतरला आणि त्याने आपलं सैन्य किल्ला आणि पेशव्यांची फौज यांच्या मधे उभं केलं. हेतू हा, की किल्ला आधी आपल्या हाती यावा. दुसऱ्या दिवशी तसंच झालं. सुमारे दहा लाख रुपयांची लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. मित्र म्हणून आलेल्या पेशव्यांना किल्ला मिळायला ऑक्टोबरातला करार आणि त्यात बाणकोट सोडावं लागलं. तुळाजीचं उरलेलं आयुष्य कैदेत गेलं. आणि क्लाइव्ह सोळा महिन्यांनी प्लासीला पोहोचला.

श्रॉपशायरच्या लोकांनी घेरिया विसरावा, यात मला राग येण्यासारखं काही वाटलं नाही. त्यांनी त्यांच्या पायवाटा, त्यांचा पूल, डॉक्टर ब्रूक्सची चहाची शर्यतसुद्धा लिहून ठेवली. घेरिया लिहून ठेवणं हे त्यांचं काम नव्हतं. ते आपलं आहे. आणि आपण काय ठेवलंय? मी परत आल्यावर आपल्याच गावातल्या कॉलेजात जाणाऱ्या पाच-सहा मुलांना विचारलं, १७५६ साली इथे काय झालं? एकालाही सांगता आलं नाही. वाघोटण खाडीतली आंग्र्यांची गोदी कुठे आहे हेही त्यांतल्या दोघांनाच ठाऊक होतं.

२०२५ च्या जुलैमध्ये विजयदुर्ग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून. आयर्नब्रिज त्याच यादीत १९८६ पासून आहे. म्हणजे कागदावर आता आपण आणि ते एका रांगेत. किल्ल्याकडे सरकार बघेल, बघायला हवं. पण यादीत न बसणाऱ्या गोष्टींचं काय? शाळेमागची चिऱ्यांची पाखाडी, जिच्यावरून आपण बंदरावर जायचो. बाराही महिने पाणी असलेली ती विहीर. कुणग्यांची, सड्याच्या तुकड्यांची, खडपांची नावं. सड्यावरची कातळशिल्पं, ज्यांना आपण लहानपणी 'पांडवांची चित्रं' म्हणायचो. कोकणातल्या कातळशिल्पांचं नाव २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहे, आणि चिरेखाणी त्यांच्या अगदी जवळ येऊन पोहोचल्या आहेत.

यातली बरीच नावं आज कागदावर कुठेच नाहीत. ती आपल्या तोंडात आहेत. आपण सगळे अडुसष्ट-सत्तरच्या घरात आहोत. आपल्यातले नऊ जण आज या सभागृहात नाहीत, त्यांची नावं सकाळी आपण उभं राहून घेतली. त्यांच्याबरोबर किती वाटांची आणि विहिरींची नावं गेली याची मोजदाद कोणी केलेली नाही.

स्नेहमेळाव्याच्या निधीतून शाळेला काय द्यावं यावर काल रात्री चर्चा झाली. पाण्याचा कूलर, बाकं, संगणक, सगळं चांगलं आहे. माझी मागणी स्वस्त आहे. गाव नकाशाची मोठी प्रत काढू, भूमी अभिलेख कार्यालयात ती मिळते. नववीची मुलं फोन घेऊन आपल्याबरोबर चालतील. आपण नावं सांगायची, त्यांनी नकाशावर टिपायची. हे वर्षभर केलं तर पुढच्या मेळाव्याला शाळेच्या भिंतीवर आपल्या पंचक्रोशीचा एक नकाशा लागेल, त्यात प्रत्येक पाखाडीला नाव असेल आणि खाडीच्या तोंडाशी '१२ फेब्रुवारी १७५६' ही नोंद असेल.

उद्या रविवार. सकाळी सात वाजता मी शाळेच्या पायरीशी असेन. पाखाडीने बंदरापर्यंत जाऊन यायचं आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी काठी आणावी, आणि ज्याला जे नाव आठवेल त्याने ते वाटेत मोठ्याने सांगावं.